आक्कांचा हार आणि लौंगवाली सेव

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो, कारण आमच्या नात्यात या प्रकरणाच्या निरनिराळ्या हकिकती फिरून राहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकीतही मी शहाणा नाही. दागिने जुने करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःहून केले. बिजली विभागाच्या हिशेब शाखेतून रिटायर झाल्यावर माणसाने घरात काहीतरी उपयोगाचं करावं, असं माझं मत होतं. माझ्या बायकोचं, म्हणजे विनीताचं मत असं होतं, की माणसाने सकाळी बगीच्यात चक्कर मारावी आणि येताना बाहेरच पोहे खाऊन यावं, म्हणजे ओटा लवकर मोकळा होतो.

विनीता शाळेत ड्रॉइंग शिकवायची. ती माझ्या आधी रिटायर झाली आणि तिने तांब्याचे दागिने करायला घेतले. इंदौरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर तिची छोटी ऐरण, हातोड्या, पकडी आणि कानशी असायच्या. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जेवत होतो. तार ती मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणायची, पत्रा बर्तन बाजारातून. एकदा आमटीत मला तांब्याची कडी सापडली, तेव्हा तिने ती धुऊन घेतली आणि दोन दिवस हीच शोधत होते म्हणाली. मी दातांबद्दल काही बोललो नाही.

तर अशा रीतीने तिने झुमके केले, कडी केली, अंगठ्या केल्या, आणि लालबागच्या मैदानावर भरणाऱ्या हस्तशिल्प मेळ्यात तिला स्टॉल मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा. आपल्याला आनंद झालाय असं ती काही बोलली नाही, ते तिच्या स्वभावात नाही. पण स्टॉलवर अंथरायची चादर तिने महिनाभर आधीच इस्त्री करून पलंगावर ठेवली होती, आणि त्या चादरीच्या जवळपास जरी मी बसलो तरी ती दारात येऊन उभी राहायची.

एके दिवशी जेवताना ती सहज म्हणाली, की माल चांगला झालाय पण फार नवा दिसतो, गीझरमधून काढून आणल्यासारखा. बस. एवढंच म्हणाली. मी पोळी खाली ठेवली आणि म्हटलं, याला अँटिक फिनिश पाहिजे, ते माझ्यावर सोड. हिशेब शाखेत मी कितीतरी नव्या कागदांना जुनं होताना पाहिलं होतं, तेव्हा या विषयात आपल्याला गती असणार असं मला प्रामाणिकपणे वाटलं. तिने मला आमटी वाढली. मग म्हणाली, "छोटे दागिने घ्या, काय करायचं ते करा. हाराला मात्र हात लावू नका."

हाराबद्दल सांगायला पाहिजे. आम्ही पोतनीस. आमच्या पणजोबांनी होळकरांच्या दरबारात पोत, म्हणजे खजिना, सांभाळला. त्यांच्यानंतर या घराण्यात कोणी काहीही सांभाळलं नाही, असं माझ्या इंदिरा आत्याचं मत आहे, आणि त्या 'कोणी'मध्ये मी आघाडीवर आहे. लहानपणी ती मला लालबागेत फिरायला घेऊन गेली होती. नव्या चपला माझ्याजवळ देऊन ती हिरवळीवर अनवाणी चालायला गेली, आणि मी खारीच्या मागे धावलो. आत्या तिथून अनवाणी घरी आली. त्यानंतर मी बी.कॉम. झालो, नोकरी केली, घर बांधलं, मुलगी मोठी करून पुण्याला पाठवली, तरी आत्याच्या लेखी मी चपला हरवणारा शरूच आहे.

पणजोबांच्या पत्नी आक्का. त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. खुर्चीत ताठ बसलेल्या, गळ्यात पिंपळपानांचा मोठा हार, मधे गोल पदक. तो हार पुढे कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक शाखेला खात्री आहे की तो दुसऱ्या शाखेकडे आहे, आणि लग्नकार्यांत जेवणं झाल्यावर हा विषय हमखास निघतो. विनीताने लग्न होऊन आल्यापासून तो फोटो रोज पुसला. पुसता पुसता तिला तो हार पाठ झाला, आणि रिटायर झाल्यावर तिने तो तांब्यात केला. एकेक पान कापून, ठोकून, त्यावर शिरा काढून. मी रोज त्याच फोटोखाली बसून पेपर वाचतो. तिचा हार पाहून मी म्हटलं होतं, पानं छान आहेत, कुठली आहेत? ती उठून कुकर लावायला गेली.

असो. माझ्या कामाकडे येतो.

आमची मुलगी संहिता हिने पुण्याहून व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस उकडलेलं अंडं कुस्करून तांब्याच्या अंगठीबरोबर डब्यात बंद करून ठेवतो, आणि अंगठी काळी होते. अंड्यातल्या गंधकामुळे होते म्हणे. आता आमच्या घरात अंडं आलेलं नाही. आम्ही कर्मठ आहोत असं नाही, पण आत्या केव्हाही येते. म्हणून मी स्कूटर काढून पार दुसऱ्या टोकाच्या कॉलनीत गेलो, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं, आणि ठेल्यावर चार उकडलेली अंडी मागितली. शेजारी पाठमोरा उभा राहून एक गृहस्थ ऑमलेट खात होता. तो वळला. तो आमचा शेजारी गोपीनाथ होता, जो दर मंगळवारी कॉलनीत हनुमान चालिसाचा कार्यक्रम ठेवतो.

त्याने हातातली प्लेट ठेल्यावर ठेवली. मग गोपीनाथ शांतपणे म्हणाला, "भिया, आपने मुझे नहीं देखा, मैंने आपको नहीं देखा." मी म्हटलं, मी तर दागिन्यांसाठी घेऊन जातोय. तो म्हणाला, "हाँ हाँ, बिल्कुल. दागिनों के लिए ही लेते हैं सब." मी खरं बोलत होतो. खरं बोलूनही माणूस इतका खोटा वाटू शकतो, हे मला त्या ठेल्यावर कळलं, आणि पुढे ते फार उपयोगी पडायचं होतं.

अंड्याचा प्रयोग अर्धा यशस्वी झाला. झुमके काळे झाले, पण एका बाजूनेच, आणि ज्या स्टीलच्या डब्यात ते ठेवले होते तो विनीताचा दिवाळीच्या चकल्यांचा डबा निघाला. डबा तिने तीन वेळा घासला, उन्हात ठेवला, मग कुंडीखाली ठेवायला काढला. तरी मी खचलो नाही. गोपीनाथ आता एका गुपिताने माझ्याशी बांधला गेल्यामुळे रोज सल्ला द्यायला यायला लागला होता. त्याचं म्हणणं, काळं कोणीही करेल, असली पुरानी चीज़ हरी होती है. किल्ल्याच्या तोफेसारखी. मी व्हिडिओ शोधला. त्यात त्या गोऱ्या माणसाने आलू चिप्सचा चुरा सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजवून त्यात तांबं पुरून ठेवलं होतं. मीठ आणि सिरका मिळून तांब्यावर हिरवा-निळा रंग चढवतात, एवढं मला समजलं.

चिप्स आणायला मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात गोपीनाथने मला थांबवलं. इंदौरात राहून तुम्ही चिप्स विकत घेणार, असं त्याने इतक्या दुःखाने विचारलं की मला अपराधी वाटलं. चिप्समध्ये आहे काय, तर मीठ. सेवेत मीठ आहे, मसाला आहे, आणि ती सिरकाही जास्त धरून ठेवेल. मला तो युक्तिवाद बिनतोड वाटला. इथे बाहेरच्या वाचकाने हसू नये. ज्या गावात पोह्यांवर सेव, मुगाच्या उसळीवर सेव आणि भाजीलाही सेवच असते, तिथे तांब्यावर सेव टाकावी असं सुचणं हे वेडेपणाचं लक्षण नाही. आम्ही लौंगवाली, म्हणजे लवंग घातलेली, आणली, जाडी, कडक.

सेव कुस्करली, सिरक्यात भिजवली, त्यात कडी आणि झुमके पुरले आणि डबा गीझरच्या वर ठेवला, कारण थंडी पडायला लागली होती. दोन दिवसांनी डबा उघडला आणि मी स्टुलावर बसूनच राहिलो. काय रंग आला होता! कोपऱ्यांत काळपट, वरून मोरपंखी हिरवा, मधूनच निळे ठिपके. वस्तू शेकडो वर्षं तळ्याच्या गाळात पडून होती आणि काल कोणीतरी काढली, असं वाटत होतं. गोपीनाथने हात जोडले. मीही मनातल्या मनात जोडले, स्वतःलाच.

आणि मग माझं डोकं फिरलं. विनीता तीन दिवसांसाठी तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली होती. हार तिच्या कपाटात मलमलीच्या फडक्यात होता. मी फक्त बघायला काढला. लखलखीत, नवा कोरा. एवढ्या सुंदर वस्तूला असा मोटर वाइंडिंगचा रंग असावा, हे मला बघवेना. उरलेली सगळी सेव मी हारावर घातली.

हार निघाला तो इतका अप्रतिम, की तो झटकून, त्यावर पारदर्शक वार्निश मारून मी टेबलावर मांडला आणि विनीताची वाट बघत बसलो. ती आली. पिशवी खाली ठेवली. एकेक पान उलटून पाहिलं. मी प्रक्रिया समजावून सांगायला लागलो, तर हाताने थांबवलं.

"हाराला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

मी मान खाली घातली. ती परत हार बघायला लागली. दिव्याखाली धरला, लांब धरला, स्वतःच्या गळ्याशी धरून आरशासमोर गेली. मग तिकडूनच म्हणाली, "रंग बरा आलाय." आमच्या घरात 'बरा' हा सर्वोच्च किताब आहे. माझ्या प्रमोशनलाही तेवढाच मिळाला होता.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी इंदिरा आत्या आली.

आत्या बडा गणपतीच्या मंदिराजवळ राहते. महिन्यातून एकदा प्रसाद घेऊन आमच्याकडे येते आणि जाताना आमची तांब्याची भांडी तपासून जाते. तांबं काळं दिसलं की घरातली बाई कशी आहे ते समजतं, असं तिचं शास्त्र आहे. तिच्या स्वतःच्या घरात तिने आयुष्यभर एका पळीवरही डाग राहू दिलेला नाही. चिंच हातात घेऊनच ती जन्माला आली असावी. त्या दिवशीही ती आत शिरली, टेबलावर तिला हिरवं तांबं दिसलं आणि विनीता चहा टाकायला गेली म्हणून ती माझ्याकडेच वळून म्हणाली, चिंच आण. मग जवळ गेली. हार उचलला. हॉलमधल्या फोटोकडे पाहिलं. परत हाराकडे पाहिलं. आणि धपकन खुर्चीत बसली.

"शरू," ती म्हणाली, "हा आक्कांचा हार."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, मी 'नाही' म्हणणार होतो. पण आत्या रडत होती, आणि रडता रडता बोलत होती. सगळे म्हणायचे सोन्याचा होता, मला माहीत होतं तांब्यावर मुलामा असणार, दरबारातले लोक काही कमी लबाड नव्हते. सगळ्यांनी एकमेकांवर आळ घेतला. आणि हार इथे. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "शेवटी शरूनेच सांभाळला ग बाई. आणि मी त्याला जन्मभर चपलांवरून बोलले."

आता तुम्हीच सांगा. साठ वर्षांचा माणूस, रिटायर, आणि आत्या पहिल्यांदा त्याचं कौतुक करतेय. माझ्या तोंडातून निघालं ते "हो, म्हणजे..." एवढंच. पुढचं वाक्य मी तयार करत होतो, पण आत्याला 'हो' पुरलं.

विनीता चहा घेऊन आली. आत्याने तिला शेजारी बसवलं आणि हारावरची कारागिरी दाखवायला सुरुवात केली. ही शीर बघ, ही कड बघ, कसा हात असेल त्या माणसाचा. "आताच्या बायकांना जमायचं नाही हे, विनीता. जन्म घ्यावा लागेल परत." विनीताने आत्यापुढे कप ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतंच पाहिलं. मी चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला.

आत्या गेल्यावर मी विनीताला म्हटलं, उद्या सांगतो तिला. विनीता म्हणाली, सांगा. पण सांगायला एक उद्या मिळाला पाहिजे ना! आत्याने घरी पोहोचायच्या आत हाराचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. चुलतभाऊ विक्रमने लगेच फोन करून आनंद व्यक्त केला आणि अर्धा हार मागितला. मधलं पदक कोणाकडे जाईल यावरून वाद नको म्हणून ते गणपतीला वाहावं, असंही त्याने सुचवलं, म्हणजे त्याने पानांची वाटणी मनात करून ठेवली होती. त्या ग्रुपवरून फोटो समाजाच्या ग्रुपवर गेला, तिथून होळकरकालीन वस्तूंच्या शौकिनांकडे, आणि तिथून कोणाच्यातरी भाच्याकडून लालबागच्या मेळ्याच्या आयोजकांकडे.

मेळ्याला चार दिवस उरले असताना विनीताला फोन आला. आयोजक फार अदबीने बोलले. तुमच्या मालाचे फोटो पाहिले, सगळ्याचा रंग त्या ऐतिहासिक हारासारखाच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू अशा मेळ्यात विकता येत नाहीत, कायद्याचा मामला आहे. पुरातत्त्ववाल्यांकडून लिहून आणा की हा माल नवा आहे, नाहीतर माफ करा, स्टॉल दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. विनीताने फोन ठेवला. खोलीत जाऊन पलंगावरची इस्त्रीची चादर उचलली आणि कपाटात ठेवून दिली.  मला चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

मी पोटात काही न घालता पुरातत्त्ववाल्यांचं दफ्तर गाठलं. गोपीनाथ सोबत आला, कारण त्याच्या मते अशा ठिकाणी दोन माणसं लागतात, एक बोलायला आणि एक पाणी प्यायला. खिडकीतल्या बाबूने हाराचा फोटो पाहिला आणि विचारलं, किती जुना आहे. मी म्हटलं, नवा आहे. बाबू हसला. "सब यही कहते हैं." ज्याच्या घरी जुनं काही निघतं तो नवंच म्हणतो, आणि ज्याच्याकडे नवं असतं तो जुनं म्हणून विकायला येतो, हे त्याने मला समजावून सांगितलं. नवं असेल तर बिल दाखवा. मोटर वाइंडिंगवाला तार पेपरात गुंडाळून देतो, त्याचं बिल कुठून आणू? बाबूने फोटो परत पाहिला आणि म्हणाला, असा रंग यायला पिढ्या लागतात. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी थँक्यू म्हणालो. गोपीनाथने माझ्या पायावर पाय दिला.

बरं, नवा आहे तर रंग कसा आणला, बाबूने विचारलं. मी म्हटलं, रासायनिक प्रक्रिया. कोणतं रसायन? त्या क्षणी, भर दफ्तरात, मागे रांग उभी असताना, 'लौंगवाली सेव' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. हिशेब शाखेत माझी एक प्रतिष्ठा होती. मी म्हटलं, गुप्त आहे. बाबूने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की मेळ्याच्या आदल्या दिवशी मोठ्या मॅडम बघतील, सगळा माल घेऊन या, आणि घरातलं कोणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांनाही आणा.

मी वडीलधारं माणूस नेणार नव्हतो. पण गोपीनाथ रस्त्यात आत्याला भेटला आणि बोलून गेला. त्या दिवशी आम्ही मॅडमच्या खोलीत शिरलो तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती. ठेवणीतली नऊवारी नेसलेली, आणि मांडीवर आक्कांचा फोटो, फ्रेमसकट. आमच्या हॉलमधून तो कधी नेला हे मला अजून कळलेलं नाही. घराण्याच्या वतीने साक्ष द्यायला आले आहे, असं तिने सांगितलं.

मधुरिमा मॅडम तरुण होत्या आणि भिंग लावून बघत होत्या. त्यांनी हार फोटोशेजारी ठेवला. पानं मोजली, जुळली. पदक जुळलं. मॅडमच्या भुवया वर वर जायला लागल्या तशी आत्याची मान ताठ व्हायला लागली, आणि विनीता भिंतीशी दागिन्यांची पिशवी पोटाशी धरून उभी होती. मॅडम म्हणाल्या, डिझाइन तर अगदी तेच आहे, हा नोंद करून इथे ठेवावा लागेल, बाकी मालाचीही तपासणी होईल, महिना तरी जाईल. मेळा दुसऱ्या दिवशी होता.

मी बोलायला हवं होतं.  आत्या माझ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होती की मी रुमालाने मॅडमच्या टेबलाची कड पुसायला लागलो.

मॅडमनी हार उलटा केला. एका पानाच्या मागे, पदकाला जोडणाऱ्या कडीच्या खोबणीत, वार्निशच्या खाली काहीतरी पिवळं अडकलं होतं. त्यांनी टाचणीने ते अलगद उचकटलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. भिंगातून पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून नाकाजवळ नेलं. त्या इंदौरच्याच असाव्यात, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. आम्ही सगळे कागदावर वाकलो.

गोपीनाथने वास घेतला आणि राहवलं नाही त्याला. "लौंग की है, मैडम."

मी आत्याकडे वळलो. "आत्या, हा आक्कांचा नाही. हा विनीताने केलाय, फोटो बघून, तिच्या हाताने. मी काही सांभाळलं नाही. मी फक्त सेवेत ठेवला, तेही ती नको म्हणाली असताना."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी विनीताला विचारलं, आपने बनाया है? विनीता पुढे आली. तिने फोटोवर बोट ठेवलं. आक्कांच्या डाव्या खांद्याकडचं एक पान थोडं मुडपलेलं दिसतं, कदाचित खुर्चीच्या पाठीला लागून. तिने हारातलं तेच पान दाखवलं. तेही मुडपलेलं होतं. ती म्हणाली, जसं दिसलं तसं केलं, सरळ करायचं मनात आलं नाही.

आत्याने पदराने डोळे पुसले. "तू केलास? मग त्या दिवशी मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, आताच्या बायकांना जमायचं नाही," विनीता म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून तुम्ही माझी भांडी बघून जाता आत्या. कधी 'चांगली आहेत' म्हणाला नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हाताचं इतकं कौतुक केलंत. मोडवेना मला."

मला त्या वेळी एकदम समजलं, की आम्ही दोघंही एकाच चहाच्या वेळी एकाच कौतुकासाठी गप्प बसलो होतो. फरक इतकाच की तिचं कौतुक खरं होतं.

आत्याने त्या मुडपलेल्या पानावरून बोट फिरवलं. मग उठून उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली, लिहा बाई, नवा आहे. आमच्या सुनेने केलाय. मॅडमनी लिहिलं. त्या कागदाची एक प्रत गोपीनाथने लॅमिनेट करून स्वतःच्या घरी लावली आहे. त्यात असं म्हटलंय की सदर वस्तू आधुनिक असून तिला खाद्यपदार्थाच्या साहाय्याने रंग देण्यात आला आहे. गोपीनाथ पाहुण्यांना सांगतो, की यातला खाद्यपदार्थ माझा.

मेळ्यात स्टॉल लागला. इस्त्रीची चादर अंथरली गेली. झुमके आणि कडी चांगली गेली. लोक विचारायचे हा रंग कसा आणला, तेव्हा विनीता माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी दुसरीकडे बघायचो. हार विकायला नव्हता. तो आत्याच्या गळ्यात होता. सकाळीच येऊन तिने तो मागून घेतला होता आणि गादीवर मांडी घालून, फोटोतल्या आक्कांसारखी ताठ बसली होती. विक्रम आला, त्याने हार सुनेने केलाय हे ऐकलं, आणि आपला अर्धा हिस्सा मोठ्या मनाने सोडून दिला.

बडा गणपतीच्या तिच्या मैत्रिणी आल्या. सगळ्यांनी हार पाहिला आणि प्रत्येकीने एकच सांगितलं, इंदिराबाई, हिरवा पडलाय हो, जरा चिंच लावा की. आत्या कितीतरी वेळ नुसती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "हात शिवशिवतात माझे. पण नाही लावणार. सुनेने घडवलाय आणि पोराने बिघडवलाय. दोन्ही राहू दे."

मग तिने पाय दुमडून नीट घेतले, गादीखाली काढलेल्या चपला उचलल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"शरू, हे लालबागच आहे," ती म्हणाली. "एवढ्या सांभाळशील ना आज?"

मी चपला घेतल्या. गोपीनाथ दोनदा चहाला बोलवायला आला, पण संध्याकाळी आत्या उठेपर्यंत मी काही जागचा हललो नाही.